गळकं टिपाड

मित्रांनो, मी एक जुना निळा प्लास्टिकचा ड्रम आहे, आणि तोही अर्धाच. आमच्या लातूरकडे मला टिपाड म्हणतात. माझा कंबरेपासून वरचा भाग केव्हाच भंगारात गेला. खालच्या भागात आता माती भरली आहे आणि बुडाला भोकं आहेत. पाणी घातलं की मी गळतो. एकेकाळी कुणी मला गळकं म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी जन्माचं वैर धरलं असतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो खारात मुरलेल्या कैऱ्यांचा वास. लोणचेवाल्यांचं काम झालं आणि मी गंजगोलाईच्या बाजारात एका दुकानासमोर उपडा पडून राहिलो. तिथून सुदर्शनने मला घरी आणलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याच्या बायकोने, पुनमने, मला राखेने घासघासून धुतलं, तरी कैरीचा वास काही जाईना. "ऱ्हाऊ द्या, फुकटात लोणचं झालं," असं म्हणून ती हसली.

मग तो उन्हाळा आला. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे तुम्ही मोठ्यांकडून ऐकलं असेल. गल्लीत दारोदारी टिपाडं उभी असायची. प्रत्येकावर रंगाने मालकाचं नाव आणि झाकणाला साखळी-कुलूप. घरात सोनं उघडं राहिलं असेल, पण टिपाड उघडं राहत नसे. टँकर आला की पुनम पदर खोचून धावायची. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी मोरीला, असं ती एकच पाणी पुरवून पुरवून वापरायची. मी काठोकाठ भरलो की माझ्यात आभाळ उतरायचं. झाकण लावण्याआधी ती क्षणभर त्यात बघायची आणि शेजारणींना सांगायची, "आमच्या टिपाडातून एक थेंब गळत न्हाई." मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

कारण पुढे मला कुणी विचारलंच नाही. घरावर मोठी टाकी बसली. मी गच्चीवर गेलो, उन्हाने वरून तडकलो, आणि सुदर्शनने करवतीने माझा वरचा भाग कापून टाकला. उरलेल्या भागात तुटक्या चपला आणि कपड्यांचे चिमटे साठले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! मला मात्र रोज वाटायचं, एकदा कुणीतरी मला काठोकाठ भरावं. एकदाच.

अशात सरजाबाई आल्या. त्या सुदर्शनच्या आई. रेणापूरजवळच्या खेड्यात त्यांचं सारं आयुष्य रानात गेलं होतं. मालक, म्हणजे दगडोबा, वारले आणि सुदर्शनने आईला लातूरला आणलं. रान आता त्यांची धाकटी जाऊ केवळाबाई आणि तिची माणसं बघत होती. पुनमने सासूला काही कमी पडू दिलं नाही. वेळेवर चहा, वेळेवर गोळी, मऊ गादी, समोर टीव्ही. पण म्हातारीचा घास लहान लहान होत गेला. संध्याकाळी ती गच्चीवर यायची, माझ्या कडेला हात टेकून रेणापूरच्या दिशेला बघत उभी राहायची. सुदर्शन दुकानातून आला की विचारायची, "कधी नेतूस रं रानात?"

"पुढच्या आठवड्यात जाऊ, माय," तो म्हणायचा. त्याचा पुढचा आठवडा काही उजाडत नव्हता.

एक दिवस सरजाबाईंनी कमरेच्या पिशवीतून एक पुरचुंडी काढली. तीत राखेत घोळवलेलं चिमूटभर बी होतं.

"हे आपल्या बांधावरच्या गावरान टमाट्याचं बी हाय," त्या पुनमला म्हणाल्या. "चपटं, आंबटढाण. मालक बांधावर बसून बुक्कीनं फोडायचे आन् मीठ लावून भाकरीसंगं खायाचे. आता समदीकडं सोयाबीन झालंय. बांधावर एक झाड ऱ्हायलं न्हाई. एवढंच बी उरलंय बग."

"मग लावू की, आत्या!" पुनम म्हणाली. तिने माझ्यातल्या तुटक्या चपला आणि चिमटे बाहेर काढले आणि मला स्वच्छ पुसलं. मी किती वर्षांनी तिचा हात बघत होतो!

आता ऐका गंमत. टिपाडात झाड लावायचं तर आधी बुडाला भोकं पाडावी लागतात, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. सासूचा जन्म रानात गेलेला; रानाला भोक कोण पाडतं? आणि सुनेने तो उन्हाळा सोसलेला. पाण्याच्या भांड्याला भोक पाडायचं, हा विचार तिला स्वप्नातही सुचणार नव्हता. मीही खूश होतो. पाणी धरून ठेवणं, हीच तर माझी अब्रू होती.

निम्मं बी पेरलं. हिरवे कोंब आले. पुनम हरखली आणि सकाळ-संध्याकाळ तांब्यातांब्याने पाणी घालू लागली. लातूरच्या बाईने एखाद्याला पोटभर पाणी दिलं, म्हणजे याहून मोठी माया नाही. पण रोपं पिवळी पडली. पिवळी दिसली म्हणून तिने आणखी पाणी घातलं. मग ती माना टाकून आडवी झाली.

सरजाबाईंनी बाह्या सारल्या आणि हात थेट माझ्या तळापर्यंत घातला. वर आलेल्या चिखलाला कुजका वास येत होता.

"मुळ्या सडल्या गं," त्या खाली बसल्या. "तहानेनं न्हाई मेली. पाण्यात बुडून मेली. ह्याला भोकं पाडावी लागत्यात, पुनम."

पुनमने गॅसवर सळई तापवून आणली खरी, पण तिचा हात चालेना. "आत्या, ह्यानं आमाला त्या साली जगवलंय हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. सरजाबाईंनी तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून सळई टेकवली. मला भाजलं. त्याहून जास्त दुखलं ते हे, की आता मी पुन्हा कधीच भरणार नव्हतो.

मग तळाला खापराचे तुकडे आले. वर माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू. उरलेलं बी पडलं. पाणी घातलं तेव्हा मी पहिल्यांदा गळलो आणि लाजेने अर्धमेला झालो. पुनमने पटकन खाली दोन विटा सारल्या, विटांमध्ये घमेलं ठेवलं आणि गळलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच घातलं. जुनी सवय ती, जाते कुठे?

सरजाबाई आता रोज सकाळी वर यायच्या आणि माझ्या मातीत बोट खुपसायच्या. आत ओल लागली तर म्हणायच्या, "वल हाय. आज पानी नगं." बोट कोरडं निघालं तरच पाणी, तेही बुडाशी, पानांवर नाही. रोपं वाढली तेव्हा त्यांनी एकच ठेवलं, बाकीची काळजावर दगड ठेवून उपटली. झाडाला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, आधार दिला आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी सैल बांधलं. फुलं आली. इतक्या वर मधमाश्या फिरकेनात, तेव्हा त्या फुलांच्या देठांना हलक्या टिचक्या मारत बसायच्या आणि मला त्यांच्या बांधाच्या गोष्टी सांगायच्या. मी ते रान कधी पाहिलं नाही, पण मलाही त्याची ओढ लागली.

संक्रांतीच्या सुमाराला पहिली फळं लाल झाली. सरजाबाईंनी सगळ्यांत चांगलं फळ बियाण्यासाठी झाडावरच राखलं. दुसरं बुक्कीने फोडलं, मीठ लावलं आणि भाकरीबरोबर खाल्लं. पुनम टक लावून बघत होती.

"कसं हाय, आत्या?"

"त्येच हाय," सरजाबाई म्हणाल्या. पुन्हा एक घास घेतला. डोळे भरून आले. "त्येच हाय गं. पर मी हितं हाय."

त्या संध्याकाळी सुदर्शन गच्चीवर आला, तेव्हा पुनमने त्याला माझ्यासमोरच उभं केलं.

"आत्याला रानात न्या. पुढच्या आठवड्यात न्हाई. मृगाला रोपं घेऊन त्यांना तिथंच ऱ्हाऊ द्या."

"येडी का काय? ह्या वयात? हितं काय कमी पडून ऱ्हायलंय तिला?"

"कमी न्हाई पडत, जास्त व्हतंय," पुनम म्हणाली. "मी एकदा माया करून करून रोपं सडवली हैत. पुन्हा न्हाई."

सुदर्शन माझ्या कडेला हात टेकून रेणापूरच्या दिशेला बघू लागला. अगदी त्याच्या आईसारखा.

मृग निघाला तेव्हा राखलेल्या फळाच्या बियांतून माझ्याच मातीत वाढलेली रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून सरजाबाई गेल्या. जाताना त्यांनी माझ्या कडेवरून हात फिरवला. सुदर्शनने चार दिवस म्हणून नेलेली म्हातारी राहायला काही परत आली नाही. केवळाबाईंच्या घरी राहते, बांधावर फिरते, भाकरी कुस्करून खाते, असं सुदर्शन सांगतो. तो आता दर आठवड्याला जातो आणि येताना पिशवीभर टमाटे आणतो. सासू गेली म्हणून रडणारी सून तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. पुनम अजून संध्याकाळी वर येते आणि रेणापूरच्या दिशेला बघते.

मलाही त्यांची फार आठवण येते. काठोकाठ भरण्याची जुनी हौस अजून आहे, खोटं कशाला बोलू? पण आता त्याहून जास्त वाट मी त्या बोटाची बघतो.

परवा सरजाबाई दवाखान्यासाठी लातूरला आल्या. गुडघे धरत, पायऱ्या मोजून-मापून चढत, चहाच्याही आधी त्या गच्चीवर आल्या. पुनम पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होती. त्यांनी माझ्या मातीत बोट खुपसलं. त्या बोटाला भेटायला मी सगळी ओल वर आणली असती, जमलं असतं तर.

मित्रांनो, टमाटे जरूर लावा. जुनं टिपाड, डबा, बादली, काहीही चालेल. फक्त बुडाला भोक पाडायला कचरू नका. आणि झाड असो की घरातलं म्हातारं माणूस, तांब्या उचलण्याआधी एकदा बोट घालून बघा, त्याला काय हवं आहे.

सरजाबाईंनी बोट पदराला पुसलं आणि हसून सुनेकडे वळल्या. "वल हाय गं, पुनम. आज पानी नगं. तू बस माज्याजवळ."