दांडावरचं रेतफूल

वणा नदीच्या पात्रात आमची डांगरवाडी, माझ्या सासूच्या सासूपासूनची. पाणी उतरलं की रेतीत खड्डे काढायचे, तळाशी खत घालायचं, टरबुजाच्या बिया लावायच्या. वरच्या अंगाला रेतीचा उंच दांड आहे, त्याच्या आडोशाने वाडी जगते. आणि दांडाला धरून ठेवतो रेतफुलाचा वेल. बोटाच्या पेराएवढं जांभळं फूल. गिरडच्या डोंगरावर पाहिलं नाही, हिंगणघाटच्या घाटावर पाहिलं नाही. शेंगा वाळेपर्यंत त्याला आमच्यातलं कोणी हात लावत नाही.

इंग्रज जाऊन दहा वर्षं झाली, आता रस्ते आपले म्हणे. यंदा जामच्या पुलासाठी बंडूजी ठेकेदाराच्या बैलबंड्या रेतीसाठी दांड पोखरू लागल्या. माघात अकरा वेल उरले.

माझा मुलगा रूपराव चार बुकं शिकलेला. तो म्हणाला, "माय, नागपूरच्या कॉलेजात झाडापाल्याचे मास्तर हायेत. त्यायनं कलेक्टर साहेबाले लिहून देलं तर दांड वाचते."

"मंग बलाव ना! मुहूर्त पाहून राह्यला का?"

सदाशिवराव मास्तर आले. डोळ्याला चष्मा, बगलेत दोन लाकडी फळ्या. वेल पाहताच गुडघ्यावर बसले. "आजी, हे फार दुर्मिळ आहे. तुम्हाला कल्पना नाही."

मला कल्पना नाही! तरी गिळलं. काम आपलं होतं. वर माझ्या दारी नागपूरचा माणूस आला म्हणून मीही फुगले होते. एकेक वेल मीच दाखवला आणि त्यांच्यासाठी भाकर थापायला खोपटात गेले.

परत येते तर दांड उघडा. अकराच्या अकरा वेल मुळासकट उपटून, रद्दी कागदात घालून, मास्तर फळ्यांवर पट्टा आवळत होते.

"हे काय केलं?"

"नमुने, आजी. ठेकेदार सगळं नेणारच. निदान कागदावर तरी राहील."

"कागदाले शेंगा येतात का रे?"

रूपराव मध्ये पडला. "माय, शिकलेला माणूस हाय तो..."

"तू गप! उभा राहून पाह्यलं अन् तोंड नाई फुटलं तुले? बंडूजीच्या फावड्याले डोळे नसतात. याले तर चष्मा हाय!"

फळ्या हिसकल्या, पट्टा सोडला. मास्तरांना रेतीत बसवलं. टरबुजासाठी काढतो तसे खड्डे, ओल लागेपर्यंत, त्यांच्याच हातांनी. नखांत रेती, धोतराला चिखल.

"आजी, माझी गाडी चुकेल."

"गाडी उद्याही येते. हे येत नाई."

अकरा वेल लावले, वर पळसाची पानं झाकली. नऊ करपले. दोन जगले. मास्तरांनी साहेबाला कागद लिहिला, खोटं कशाला बोलू. उत्तर आलं नाही. बंड्या मात्र आल्या.

त्या सकाळी मी दोन वेलांच्या मधे बाज टाकून बसले. बंडूजी हात जोडत आला.

"काकू, बाजूले व्हा ना. रस्ता सरकारचा हाय."

"असन. बाज माही हाय. शेंगा वाळल्या का बी घेऊन उठीन."

"कधी वाळतीन?"

"तुले काऊन घाई? नदी का पुलाची वाट पाहून राह्यली?"

बैल उभे, गाडीवान हसतात, बंडूजी सरकारी माणूस आणायला गेला आहे. आणू दे. शेंगा अजून हिरव्या आहेत. सुनेला सांगून ठेवलंय, "भाकर इथंच आणून देजो."