कोर्ट उठेपर्यंत

"सायेब, कोर्ट उठलं का वो?"

शिवयोगीने फायलीतून मान वर केली. सरकारी वकिलांच्या ऑफिसात बावीस वर्षं कारकुनी करून त्याला माणसं लक्षात ठेवायची सवय राहिली नव्हती. पण दारातल्या फुलाबाईला त्याने लगेच ओळखलं.

"अजून नाही की, मावशी. आता तर चार वाजलेत."

"मग त्यो सुटला कसा? काल बाजारात बगितला म्या. जीप चालवत हुता."

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा धुळा सोलापूरच्या वेशीवरून मेंढरं नेत असताना याच जीपने त्याला चिरडलं. आठ महिन्यांपूर्वी निकाल लागला. शिवयोगीनेच तिला बाहेर येऊन सांगितलं होतं, "कोर्ट उठेपर्यंत कैद, आणि दंड."

फुलाबाईने हात जोडले होते. मेंढरांचा तळ उठतो, तसं कोर्ट उठणं तिला ठाऊक. "एवढं दगडी कोर्ट कवा उठायचं? जलमभर बसंल की मुडदा!" म्हणत ती हसली होती.

तिचा घोळ शिवयोगीला तिथल्या तिथे कळला होता. पण नवरा गेल्यापासून ही बाई पहिल्यांदा हसली होती. आणि खरं सांगायचं तर, त्याचा डबाही उघडायचा राहिला होता. तो गप्प बसला. शिक्षा कमी पडली म्हणून सरकारला अपील करता येतं. तिने अर्ज दिला असता, तर वकीलसाहेबांनी प्रस्ताव वर पाठवलाही असता. पण मागणारीच समाधानाने घरी गेली, आणि मुदत उलटली.

आज त्याने सगळं सांगितलं. शिक्षा म्हणजे त्या दिवशी न्यायाधीश उठेपर्यंत कोर्टात बसून राहणं, एवढीच. कोर्ट रोज उठतं, हेही.

"रोज? मला दावा."

दोघं कोर्टात मागच्या बाकावर बसले. साडेपाचला न्यायाधीश उठले, तशी सगळी माणसं उभी राहिली. फुलाबाईही राहिली.

"झालं?"

"झालं." शिवयोगी तिच्याकडे वळला. "मावशी, तुमची चूक मला तेव्हाच कळली होती. मी बोललो नाही. माझं चुकलं."

तिने पदर सारखा केला.

"जावा घरी, सायेब. तुमचं कोर्ट उठलं की."

शिपाई खिडक्या लावू लागला. फुलाबाई पुन्हा बाकावर बसली.