नुसतं वाचता येणारी टीचर

हनानच्या वहीत काय लिहिलंय ते आपल्याला कळायलाच हवं, असं सबिहा टीचरला दोन वर्षं वाटत होतं, आणि मेलं ते कधी कळूच नये असंही तितकंच वाटत होतं. वही काही लांब नव्हती, वर्गातल्याच कपाटात खडूच्या खोक्यांमागं पडली होती. मोबाईल समोर धरला की अरबीचं मराठी मिनिटात होतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? दोनदा धरलाही होता. दोन्ही वेळा पहिली ओळ दिसायच्या आतच तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि घरची वाट धरली.

शाळा होटगी रोडची, इंग्रजी माध्यमाची. सोलापुरात परदेशी पोरं कुठून यायची, असं लोक हसून विचारतात. पण येमेनचा, सुदानचा एखादा माणूस इथं पीएच.डी. करायला येतो, बायको-लेकरं सोबत आणतो, आणि त्या लेकरांना शाळा लागतेच की. त्यांना ना इंग्रजी येत, ना मराठी, ना हिंदी. त्यांना वेगळं बसवून इंग्रजी शिकवायचं काम हेडसरांनी सबिहाच्या गळ्यात घातलं. का, तर म्हणे, "टीचर, तुम्ही मुस्लिम, तुम्हाला अरबी येत असेल की!"

येत होतं ना. वाचता येत होतं. लहानपणी गल्लीतल्या पोरींना कुराण शिकवणाऱ्या खालाबीपुढं बसून सबिहानं नाजरा पुरं केलं होतं, म्हणजे कुराण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सुरात, एक अक्षर न चुकता वाचायचं. अर्थ कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलाही नाही. तिच्या आईलाही असंच येत होतं, मावश्यांनाही. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

हनान दहा वर्षांची, येमेनची. आली ती तोंडाला कुलूप लावूनच. महिनाभर 'येस' नाही की 'नो' नाही. मग एके दिवशी तिनं वहीच्या मागच्या पानावर अरबीत दोन ओळी लिहिल्या. सबिहा वाचायला गेली आणि अडखळली, कारण अक्षरांच्या वरखाली जेर-जबरच्या, म्हणजे स्वरांच्या, खुणा नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय तिचं गाडं पुढं सरकत नसे. तिनं बोटानं दाखवलं. पोरगी हुशार, लगेच पेन्सिल घेऊन एकेका अक्षराला खुणा लावल्या. सबिहानं मोठ्यानं वाचलं, आणि हनानचा चेहरा असा उजळला की सबिहालाच भरून आलं. त्या दिवसापासून रिवाजच पडला. हनाननं खुणांसकट लिहायचं, टीचरनं सुरात वाचायचं, मग दोघींनी इंग्रजीचं पुस्तक उघडायचं. सबिहाला वाटायचं, दुआ असेल, नाहीतर एखादी कविता. विचारायचं तरी कोणत्या भाषेत?

फेब्रुवारीत हनानची आई वारली. बाप कागदपत्रांसाठी दिल्लीला गेलेला, घरात मायलेकी दोघीच. आईला ताप भरला, आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत उशीर झाला होता. आठवड्यानं बाप दाखला न्यायला आला, हनान सोबत होती. ती वर्गात आली, उभ्या-उभ्याच वहीत लिहिलं, खुणा लावल्या आणि वही पुढं केली. सबिहानं वाचलं. पोरीला बरं वाटावं म्हणून जरा जास्तच गोड सुरात वाचलं. दारात उभ्या असलेल्या बापानं ते ऐकलं आणि तिच्याकडं बघितलं. ती नजर सबिहाच्या डोळ्यांपुढून आजही हलत नाही. बापलेक निघून गेले, येमेनला परतले, वही तिथंच राहिली.

तेव्हापासून त्या खोलीत काहीतरी होतं. सबिहा एकटी असली की वही काढायची आणि हलक्या आवाजात वाचायची, वाचता वाचता कधीतरी उलगडेल या आशेनं. आणि तिच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतरानं, एक बारीक आवाज, थेट हनानसारखा, तेच वाचायचा. ती थांबली की तोही थांबायचा. भास म्हणून तिनं सोडून दिलं असतं. पण एका दुपारी झाडायला आलेल्या राजाबाईनं दारातूनच विचारलं, "टीचर, पोरगी गेली व्हय? आत्ता तर दोगींचा आवाज येत हुता की."

"कुठली पोरगी, मावशी? मी एकटीच आहे."

राजाबाईनं खोलीभर नजर फिरवली. "मग उद्या झाडते मी," म्हणाली, आणि त्यानंतर त्या खोलीत ती एकटी कधी आली नाही.

यंदा जूनमध्ये सुदानची रिमाझ आली, अकरा वर्षांची. सबिहानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, अरबी लिहायचं नाही, फक्त इंग्लिश. पोरगी मुकाट मान हलवायची. तीन महिन्यांत मोडकंतोडकं इंग्रजी जमलं, पण बोलायची ती गरजेपुरतं, तेही कुजबुजल्यासारखं.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली होती, पोरं घरी गेली होती, आणि सबिहा रिमाझसाठी मागं थांबून फळा पुसत होती. खडू आण, असं तिनं रिमाझला सांगितलं. जरा वेळानं पाठीमागून अरबी वाचणारा बारीक आवाज आला. सबिहाच्या हातातलं डस्टर खाली पडलं. या वेळी ती काहीच वाचत नव्हती. मान वळवायचं धाडस होईना. शेवटी वळून बघते तर कपाटापुढं फरशीवर रिमाझ बसलेली, मांडीवर हनानची वही.

हिसकावून घेता आली असती. घ्यायलाच हवी होती, एवढ्याशा लेकराच्या हातात असलं काही राहू देतं का कुणी? पण सबिहा तिच्याजवळ बसली.

"टीचर, ही पत्रं आहेत," रिमाझ इंग्रजीचे तुकडे जोडत म्हणाली. "सगळं तुम्हालाच लिहिलंय."

"सांग मला."

आधीची पानं साधी होती. आज भात जळला. समोरच्या गॅलरीत पोपट आहे. इथं एकाच माणसाला माझं कळतं, माझ्या टीचरना. मग रिमाझचा आवाज बारीक होत गेला. "शनिवार. आई उठत नाही. ताप आहे. बाबांचा फोन लागत नाही. शेजाऱ्यांना आमची भाषा येत नाही, तुम्हाला येते. घरी या." पान उलटलं. "सोमवार. तुम्ही वाचलं. मग आला का नाहीत?"

"शेवटचं पान," सबिहा म्हणाली.

"आई मंगळवारी गेली. मी टीचरना शनिवारी सांगितलं होतं."

सबिहानं ओढणी तोंडावर दाबून धरली. हेच तिनं वाचलं होतं, सूर लावून, त्या बापाच्या तोंडावर. "या अल्लाह, हे मी माझ्या तोंडानं वाचलं गं," ती म्हणाली, आणि लेकरासमोर ढसाढसा रडली.

मग रिमाझला सोबत घेऊन तिनं ऑफिसातल्या रजिस्टरातून हनानच्या बापाचा नंबर काढला आणि तिथंच बसून व्हॉट्सॲपवर फोन लावला. येमेनात सकाळ होती. त्यानं उचलला. सबिहानं इंग्रजीत सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही.

"मॅडम, मला त्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "अर्थ समजणारा माणूस ते वाक्य तसं वाचूच शकत नाही. मी हनानला शंभरदा सांगितलं. तिला पटत नाही. तुम्हीच सांगा."

फोन हनानच्या हातात गेला. तिचा श्वास ऐकू येत होता. सबिहाकडं द्यायला एक शब्द नव्हता, एवढं अख्खं कुराण वाचलेली बाई, पण एक शब्द नव्हता. तिनं फोन रिमाझपुढं धरला. "तिला सांग, मला नुसतं वाचता येत होतं. कळत नव्हतं. कळलं असतं तर अनवाणी धावत आले असते."

आणि रिमाझ बोलली. तीन महिन्यांत सबिहानं तिचा असा मोठा, मोकळा आवाज ऐकला नव्हता. तिनं सांगितलं, पुन्हा सांगितलं, मध्येच तिलाही रडू आलं. मग पलीकडून हनान बोलली, थोडंच.

"काय म्हणाली?"

"ती म्हणते, दोन वर्षं मला तुमचा राग होता. तो होता म्हणून आईसाठी रडावं लागलं नाही. आता मी काय करू?"

सबिहा रिमाझच्या आणखी जवळ सरकली. "तिला म्हणावं, राग हवा असेल तर माझ्यावरच ठेव, बाळा. रडायचं असेल तर रड. मी इथंच बसलेय."

रिमाझनं ते एकेक शब्द करून सांगितलं. पलीकडं पोरगी रडायला लागली, आधी दबून, मग मोठ्यानं. फोन कुणीच ठेवला नाही.