बसायची उंची

कंपनीने लांब गाडी बंद केली त्या दिवशी उमरावांनी जेवणाचा डबा तसाच परत आणला. बायकोने झाकण उघडून आत बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

"गाडी गेली."

"चोरीला?"

"बंद झाली. आता नुसत्या उंच गाड्या काढणार म्हणे."

"अहो, मला वाटलं कोणी माणूस गेलं," असं म्हणून तिने डबा सिंकमध्ये रिकामा केला. उमरावांना ते फार लागलं.

उमराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. महागड्या गाड्यांच्या त्या शोरूममध्ये ते सगळ्यात जुने विक्रेते, आणि हे नाव शोरूमनेच ठेवलेलं. बुटांचा आरसा करून यायचे. गिऱ्हाइकासाठी गाडीचं दार अशा अदबीने उघडायचे की आतापर्यंत आयुष्यात आपल्याला कोणी विचारलंच नाही असं त्या माणसाला वाटावं. पगार तेवढा उमरावासारखा नव्हता. पण त्यांचा जीव एका गाडीवर जडला होता. काळी, लांबलचक, बुटकी सेडान. गाडी कशी पाहिजे, तर मांजरासारखी, रस्त्याला पोट लावून जाणारी, असं ते सांगायचे. उंच गाड्यांना ते 'कपाटं' म्हणत. "चार चाकांवर कपाट. आत काय? तर एक माणूस आणि त्याचा फोन!"

गिऱ्हाइकांची आवड बदलली, असं कंपनीने कळवलं होतं. कंपनीचीही लगोलग बदलली. 'रस्त्याशी एकरूप' अशी जुनी पाटी भिंतीवरून उतरली आणि 'सगळ्यांच्या वर' अशी नवी चढली. पाटीखालच्या फोटोत एक एसयूव्ही डोंगराच्या सुळक्यावर उभी होती. ती तिथे चढली कशी आणि आता उतरणार कशी, याबद्दल फोटोवाल्याने मौन पाळलं होतं.

उमरावांनी मौन पाळलं नाही. एक जोडपं एसयूव्ही बघायला आलं, तर त्यांनी नम्रपणे विचारलं, "डोंगरावर बरंच जाणं होतं वाटतं?"

"छे हो," बाई म्हणाल्या, "जिमला जायला हवी आहे."

"जिम डोंगरावर आहे?"

ते जोडपं गेलं ते गेलंच. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने, ही गाडी शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा उंच आहे ना, एवढंच विचारलं. उमराव म्हणाले, "हो. पण उंचीच हवी असेल तर शिडी स्वस्त पडेल." तोही गेला.

मग मॅनेजरबाईंनी त्यांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या, पण बोलायला चोख. "उमरावसाहेब, गाडीबद्दल तुमच्या मनात काय आहे ते मनातच ठेवा. गिऱ्हाइकाला डोंगर चढायचा नसतो. आपण चढू शकतो, एवढंच वाटायला हवं असतं."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या."

"हाकू दे ना त्यांना! तुम्ही उंट विका."

उमराव मान हलवून बाहेर आले, पण पीळ काही गेला नाही. शेवटची काळी सेडान त्यांनी कोपऱ्यात कापड घालून ठेवली होती. कोणी विचारलं की 'बुक आहे' म्हणून ठोकून द्यायचे. ती त्यांनी जजबाईंसाठी राखली होती.

जजबाई म्हणजे निवृत्त न्यायाधीश. अंगाने काडी, जिभेने सुरी. आजवरच्या सगळ्या गाड्या त्यांनी उमरावांकडूनच घेतलेल्या आणि सगळ्या लांब. भाव त्यांनी कधी केला नाही, कौतुकही कधी केलं नाही. जगात अजून चवीने गाडी घेणारं एक माणूस शिल्लक आहे, या भरवशावर उमराव तग धरून होते. त्यांनी फोन केला, "बाई, शेवटची आहे. तुमच्यासाठी ठेवली आहे."

बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. काठी घेऊन आल्या, हे उमरावांनी बघितलं, पण मनावर घेतलं नाही. त्यांनी कापड ओढलं, दार उघडलं, कमरेत वाकले. बाईंनी सीटकडे पाठ केली आणि अंग सोडलं. विहिरीत टाकलेली बादली जशी जाते तशा त्या आत गेल्या.

"कसं वाटतंय?"

"बसल्यावर उत्तम वाटतंय," बाई आतून म्हणाल्या. स्टिअरिंगवरून हात फिरवला, दार एकदा लावून-उघडून त्याचा दबका आवाज डोळे मिटून ऐकला. उमरावांना भरून आलं. मग बाई म्हणाल्या, "बरं, आता काढा मला."

पहिल्यांदा बाईंनी स्वतः जोर लावून बघितला. मग काठी टेकून. काठी गुळगुळीत फरशीवरून सटकली आणि शेजारच्या एसयूव्हीच्या टायरला जाऊन लागली. "थांबा बाई," म्हणत उमरावांनी एक गुडघा जमिनीला टेकला, बाईंच्या काखेत हात घातला आणि 'हं' करून उचललं. बाई अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या. उमरावांच्या गुडघ्यात मात्र सुकं लाकूड मोडावं तसा कडकन आवाज झाला.

"हा आवाज गाडीचा?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. माझा."

"मग उठा."

"उठता येत नाहीये."

असे ते दोघं अडकले. एक आत, एक खाली, मधे उघडं दार. बाहेरच्या काचेतून दोन-चार रस्त्यावरचे लोक बघत होते. हा माणूस म्हातारीला लग्नाची मागणी घालतोय, असंच त्यांना वाटलं असणार. बाईंना हसू फुटलं. कोर्टात ज्यांच्यासमोर भलेभले चळचळा कापले त्या बाई खिंकाळून हसत होत्या. आणि हसता हसता म्हणाल्या, "उमराव, अहो, मागची गाडी मी वर्षभर बाहेर काढलेली नाही. गॅरेजमध्ये धूळ खातेय. उतरताना दर वेळी ड्रायव्हरला मला ओढून काढावं लागायचं. तुम्हाला काय तोंड दाखवायचं, म्हणून बोलले नाही."

अखेर मॅनेजरबाई धावत आल्या. त्यांनी आधी आपल्या माणसाला उभं केलं, मग दोघांनी मिळून गिऱ्हाइकाला. जजबाई कपडे झटकत सरळ एसयूव्हीकडे गेल्या. तिथे उलटीच तऱ्हा. पायरी एवढी उंच की बाईंचा पाय पोचेना. "हिच्यात चढायला आधी एक गाडी घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या.

मग उमरावांना, गुडघा चोळता चोळता, पाठीमागच्या त्या छोट्या गाडीची आठवण झाली. ना लांब, ना उंच, मधलीच. कंपनीच्या गाड्यांतली सगळ्यात स्वस्त म्हणून ती खांबामागे लावलेली असायची. तिच्याकडे कोणी वळलं की त्याचं बजेट कमी, असं शोरूमने ठरवून टाकलेलं. बाई तिथे गेल्या, दार उघडलं आणि नुसत्या बसल्या. वाकल्या नाहीत, चढल्या नाहीत. उठल्या. पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या. खुर्चीवर बसतो तशा.

"ही," त्या म्हणाल्या.

"पण बाई, हिला ती ऐट नाही..."

"उमराव, जिच्यातून उतरताना माझे पाय वर आणि डोकं खाली होतं, तिच्यात माझी कसली ऐट?"

निकाल लागला. त्यावर अपील नव्हतं.

 एवढी वर्षं ज्याला आपण लोकांची चव समजत होतो तो लोकांचा सांधा होता, हे पचायला उमरावांना दोन-तीन दिवस लागले. आपली गिऱ्हाइकं बिघडलेली नव्हती. आपल्याबरोबर म्हातारी झाली होती, इतकंच. आणि पैसा म्हातारपणीच येतो, गुडघे जाताना.

मग ते कामाला लागले. गाडीबद्दल बोलायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. आलेल्या माणसाला ते आधी म्हणायचे, "बसून बघा." आणि तो बसताना, उठताना निरखून बघायचे. आपले गुडघे दुखतात हे कोणीच कबूल करायचं नाही. साठीचे बाप्ये सांगायचे, "माझं ठीक आहे हो, आईसाठी बघतोय." उमराव त्या आईचा मान राखून मधली गाडी दाखवायचे. जिमवाल्या जोडप्याला त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं. नवऱ्याची कंबर धरलेली होती, जिममध्येच. त्यांनीही तीच घेतली. खांबामागची गाडी आधी खांबापुढे आली, मग दारात आली. काळी सेडान एका वेटलिफ्टर मुलीने घेतली. एसयूव्ही बघितली का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "ती बाबांकडे आहे. म्हाताऱ्यांची गाडी." आणि सेडानमधून टुणकन उडी मारून बाहेर आली. उमरावांना तिचा हेवा वाटला आणि बरंही वाटलं.

विक्री एवढी वाढली की मुख्यालयाला संशय आला. तिथून एक साहेब आले. पांढरे शुभ्र कॅनव्हासचे बूट, पायाला चिकटलेली पँट, केस काळेभोर आणि भुवया पांढऱ्या. ते आले तेव्हा उमराव एका आजोबांना शिकवत होते, "आधी दोन्ही पाय बाहेर, मग अंग. घाई नाही. गाडी कुठे जात नाही."

साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "हे काय चाललंय? हे शोरूम आहे की हाडवैद्याचा दवाखाना? आपण साहस विकतो! तारुण्य विकतो!"

"साहेब," उमराव म्हणाले, "तारुण्य विकत घ्यायला येतात ते सगळे म्हातारेच असतात. तरुणांना कशाला लागतंय? त्यांच्याकडे असतंच. पैसे नसतात."

मॅनेजरबाईंनी डोळे मिटून घेतले. आता उमरावांची नोकरी गेली, असंच त्यांना वाटलं. साहेबांनी उमरावांना नुसती ताकीद दिली: गुडघा, कंबर, सांधा, उठबस हे शब्द शोरूममध्ये उच्चारायचे नाहीत. मग स्वतः गाडी कशी विकायची ते दाखवायला ते मोठ्या एसयूव्हीत चढले. झोकात चढले. बाहेर उडी मारताना मात्र कुठेतरी काहीतरी धरलं. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, एक हात दाराला, अशा अवस्थेत ते थांबले आणि हसू लागले. खोटं हसू लगेच कळतं.

सगळे आपापल्या कामाला वळले. उमराव अदबीने जवळ गेले, खांदा पुढे केला. काही बोलले नाहीत, कारण बोलायचे सगळे शब्द बंद झाले होते.

"आमच्या घरी," साहेब हळूच म्हणाले, "म्हणजे सासूबाईंसाठी... ती मधली गाडी जरा बघू का?"

"बघा ना. सासूबाईंची कंबर की पाठ?"

"पाठ," साहेब म्हणाले. "खालची बाजू."

ताकीद कधी मागे घेतली गेली नाही आणि कोणी पाळलीही नाही. पुढच्या माहितीपत्रकात मधल्या गाडीपुढे 'सहज आसन' असे दोन शब्द आले. सुळक्याचा फोटो तसाच राहिला. फक्त आता सुळक्यावर मधली गाडी होती.

साहेब येऊन गेले त्या संध्याकाळी उमरावांनी बायकोला सगळं सांगितलं. दोघं जिन्यावरून खाली फिरायला निघाले होते. तिने साहेबांची नक्कल त्यांच्याकडून पुन्हा करवून घेतली. मग उमराव जरा घुटमळले आणि म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलंय. माझाही उजवा गुडघा गेलाय. बरेच दिवस झाले."

"माहीत आहे की."

"कसं?"

"जिना उतरताना माझा खांदा धरता ना तुम्ही. आधी वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. मग बघितलं, तर चढताना धरत नाही. नुसतं उतरतानाच."

उमराव ओशाळले आणि त्यांनी खांद्यावरचा हात काढला.

"राहू दे, राहू दे," ती म्हणाली. "पडलात तर उचलणार कोण?"

त्यांनी हात परत ठेवला आणि दोघं खाली उतरले, आधी तिचा पाय, मग त्यांचा.