आबांच्या जीपचं हेड गॅस्केट

"मी आधी उघडून बघते," असं प्रियदर्शनी बोलून गेली आणि तिथंच अडकली. घरात सगळे आबा म्हणायचे त्या सासऱ्यांच्या, म्हणजे रावसाहेबांच्या जीपनं कात्रजच्या चढावर वाफा सोडल्या होत्या. मेकॅनिकनं इंजिन संपलं म्हणून हात झटकले होते आणि बिबवेवाडीचा भंगारवाला सोमवारी गाडी न्यायला येणार होता. कर्वेनगरला शेतं होती तेव्हापासूनची ती जीप. रावसाहेब तोंडानं म्हणायचे, "जाऊ द्या, लोखंडच हाय ते," आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे. ते तिला बघवेना. पण मेकॅनिकल शिकून आयटीत गेलेल्या या बाईनं आजवर पाना धरला होता तो सायकलपुरता.

इंजिन उघडलं तर दोष सापडला. इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली फट बंद करणारं गॅस्केट जळालं होतं, म्हणून पाणी सिलिंडरमध्ये शिरत होतं. तिला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. तापून वाकलेलं हेड मशीनवर घासून सपाट करून घेताना तिथल्या माणसानं बजावलं, "आता पुन्हा घासता येणार नाही. जमलं तर यातच जमवा." म्हणजे गॅस्केट चुकलं की जीप भंगारात. आणि ती सुनेनं घालवली हे या घरात कुणी बोललं नसतं, पण विसरलंही नसतं.

नेमकं तेव्हाच रावसाहेबांनी ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गॅस्केट काढलं. कोरं, पण कित्येक वर्षांपूर्वीचं.

"हे घे. तवाचा माल हाय, आता मिळायचा न्हाई."

आबांनी हातानं दिलेली वस्तू या घरात कुणी परत केल्याचं ऐकिवात नव्हतं. सासूबाई, मथुराबाई, तर त्यांनी आणलेल्या चावणाऱ्या चपला झिजेपर्यंत वापरायच्या. प्रियदर्शनीनंही "हो आबा" म्हणून ते पिशवीत ठेवलं. चुकलं ते तिथं.

स्वारगेटजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात रावसाहेब हौसेनं बरोबर आले. तिनं हेडचे नवे बोल्ट, व्हॉल्व्हचे सील आणि कूलंट मागितलं.

"जुने बोल्ट काय वाईट हायत?" रावसाहेबांनी लगेच विचारलं.

"एकदा आवळले की ताणले जातात, आबा. पुन्हा तशी पकड धरत नाहीत."

दुकानदार आप्पासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पहिल्यांदाच करताय का?"

"हो. व्हिडिओ बघून."

"मग गॅस्केटही व्हिडिओतूनच काढणार वाटतं. ते मागितलं नाहीत."

रावसाहेबांनी मोठ्या दिमाखात पिशवीतलं गॅस्केट काढून काउंटरवर ठेवलं. आप्पासाहेबांनी ते उजेडात धरलं. "सुरेख आहे. फ्रेम करून घ्या," म्हणाले.

ते लावण्यासारखं नाही हे प्रियदर्शनीला ठाऊकच होतं. हेड घासलं की कमी झालेली जाडी भरून काढायला जाड गॅस्केट लागतं. हे पातळ होतंच, शिवाय कडक होऊन कडेला तडकलेलं. हो म्हणावं तर इंजिन जातंय, नाही म्हणावं तर म्हातारा माणूस दुखावतोय, तोही चारचौघांत.

"आबा, हे मी नाही लावणार." आवाज जरा मोठाच निघाला. "हेड घासलंय, आता जाड लागेल. हे लावलं तर पुन्हा पाणी शिरेल."

रावसाहेबांनी काउंटरवरचं गॅस्केट परत हातात घेतलं. "मग घरीच का न्हाई सांगितलंस?"

"भीती वाटली तुमची."

"हां." त्यांनी गॅस्केटची धूळ बोटानं पुसली. "हे म्या सोता बदलायचं म्हणून आणलं हुतं. पाने काढून बसलो पन. इंजिन उघडायचं धाडस झालं न्हाई, दिली ढकलत गॅरेजला." मग आप्पासाहेबांवरच डाफरले, "बघताय काय? पोरगी म्हणतीया तसलं द्या की!"

प्रियदर्शनीचा जीव भांड्यात पडला. आप्पासाहेबांनी जाड गॅस्केट मुकाट्यानं काढून दिलं, आणि मुकाट्यानं काही देणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुळणी झाली. बोल्ट मधून बाहेर अशा ठरल्या क्रमानं आवळायचे होते. रावसाहेब मोबाइल लांब धरून क्रमांक वाचत होते आणि ती आवळत होती. शेवटी तिनं चावी फिरवली. इंजिन खोकलं, धरलं, आणि मागून भसाभस पांढरा धूर आला. पांढरा धूर म्हणजे पुन्हा पाणीच, असं वाटून ती चावी उलटी फिरवायला गेली.

रावसाहेब सायलेन्सरमागं उकिडवे बसले. धुरात तळहात धरला, वास घेतला. "जुळताना आत सांडलेलं तेल जळतंय नुसतं. पानी न्हाई. बंद करू नगंस."

धूर विरळ होत होत थांबला. तापमानाचा काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला. प्रियदर्शनी खाली उतरून फरशीवर बसली आणि सरळ रडू लागली. इतकं मोकळं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

वरच्या गॅलरीतून मथुराबाई ओरडल्या, "अहो, झाली का चालू?"

"झाली! आमी केली!" रावसाहेब म्हणाले. मग त्यांनी सुनेकडं पाहिलं, घसा खाकरला, आणि सोसायटीतल्या झाडून सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तिनं केली. म्या नुसते आकडे वाचले."