गुण कॅप्सूलचा

त्या दिवशी सकाळी बाबांनी वर्तमानपत्रात एकोणीस चुका पकडल्या. अंक टेबलावर आपटून ते समोर बसलेल्या घसाकाकांना म्हणाले, "मोज."

"मोजल्या. त्यातल्या दोन ओढूनताणून काढल्यास."

"ओढूनताणून? बातमीत मंत्र्याला एक खातं आणि फोटोखाली दुसरंच. या लोकांनी बसल्या जागी मंत्रिमंडळ बदललं, आणि तू म्हणतोस ओढूनताणून."

बाबा चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि घसाकाका त्यांचे जोडीदार. काकांनी मूळ मजकूर खड्या आवाजात वाचायचा, बाबांनी डोळ्यांत तेल घालून छापलेल्या कागदावरच्या चुका टिपायच्या. त्या आवाजावरूनच काकांना हे नाव पडलं होतं. दोघेही निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. रोज नऊच्या ठोक्याला काका यायचे आणि दुसऱ्यांच्या चुकांवर दोघांचा चहा गोड व्हायचा.

"ऐकलंस का गं?" बाबांनी दारात चपला घालणाऱ्या लेकीला हाक मारली. "चौऱ्याहत्तरावं चालू आहे म्हटलं. एकोणीस!"

"गुण कॅप्सूलचा," ती म्हणाली आणि ऑफिसला गेली.

दुपारी जेवून बाबा आडवे झाले ते उठलेच नाहीत. हृदय, डॉक्टर म्हणाले. झोपेतच गेले.

गुण कॅप्सूलचा नव्हता, हे मात्र जगात एकट्या तिला ठाऊक होतं.

आठ महिन्यांपूर्वी एका अंकात सहावं पान दोनदा छापलं गेलं होतं आणि बाबांच्या नजरेतून ते सुटलं. दाखवलं काकांनी. चुका शोधणं हे काकांचं काम कधीच नव्हतं, म्हणून बाबांना ते जास्त झोंबलं. दुसऱ्याच दिवशी घरात बाटली आली. एकाग्रता, स्मरणशक्ती, तल्लख मेंदू. हिरव्या कॅप्सुली, कुठल्याशा झाडाच्या पानांचा अर्क. बाबांनी लेबल भिंगाखाली धरून शेवटपर्यंत वाचलं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, असं तळाशी बारीक अक्षरात होतं. त्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम नव्हता. बाबांनी तो पेन्सिलीने दिला आणि पहिली कॅप्सूल घेतली. पायातल्या गुठळीसाठी नेमकी तसलीच गोळी ते रोज घेत होते. पण आयुष्यभर अक्षरं तपासलेल्या माणसाला मजकुराकडे बघायची सवय राहत नाही.

ती डॉक्टरांकडे गेली. "फायदा होईल याची खात्री नाही," ते म्हणाले. "या गोळीबरोबर रक्तस्रावाची भीती मात्र आहे. बंद करा."

"तो पायाचा डॉक्टर," बाबा म्हणाले. "डोक्यातलं त्याला काय कळतं?"

तिने समजावून पाहिलं, भांडून पाहिलं. बाटली लपवली, तर दुसरी आली. पालथ्या घड्यावर पाणी. महिन्याभरात त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं. ब्रश कडक निघाला, असं त्यांचं निदान होतं. त्या रविवारी दुपारी बाबा झोपल्यावर ती बाटली घेऊन बाथरूममध्ये गेली. एकेक कॅप्सूल उघडून तिने अर्क बेसिनमध्ये ओतला, कागदाच्या कोनाने तांदळाची पिठी भरली आणि टोपणं पुन्हा बसवली. खोटं बोलायचं नाही, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. पण हे बोलणं नव्हतं, भरणं होतं. मग प्रत्येक नव्या बाटलीला तिने तेच केलं.

हिरड्यांतलं रक्त थांबलं. ब्रश नरम झाला असावा. आणि पिठी सुरू झाल्यावर पकडलेल्या चुका नऊवरून चौदावर गेल्या. बाबांचा उत्साह काय वर्णावा. औषधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ते बाटली दाखवायचे. लेकीला आकडा सांगून झाला की क्षणभर तिच्याकडे बघत थांबायचे. तीही ठरल्यासारखं तेच दोन शब्दांचं वाक्य म्हणायची.

बाबा गेल्यावर आठ दिवसांनी काका आले. नऊलाच. खिशातून त्यांनी हिरव्या कॅप्सुलींची बाटली काढली आणि पाणी मागितलं.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आता चुका मलाच शोधायला हव्यात ना. कालच्या अंकात चार सापडल्या."

ग्लास घेताना त्यांची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं झालं होतं.

"हे काय झालं?"

"दाराची कडी लागली."

"एवढं? काका, तुम्हीही ती रक्त पातळ करायची गोळी घेता ना?"

"हृदयाच्या झडपेसाठी. तुझ्या बाबाची आणि माझी गोळी एकच. एका कारखान्याचे सुटे भाग आम्ही."

"मग ही बंद करा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको."

काका हसले. "अगं, डॉक्टर काय सांगतील ते मला तोंडपाठ आहे. तुझ्या बाबाने आठ महिने घेतली. रक्ताचा थेंब आला का नंतर? हिरड्यांचं सुद्धा थांबलं. हृदय गेलं त्याचं, डोकं नाही. हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

पुरावा भक्कम होता आणि तो तिनेच एकेका कॅप्सुलीत भरला होता. खरं सांगितलं तर बाबांच्या शेवटच्या विजयाची ती फजिती करणार होती, तीही ज्या माणसापुढे त्यांना जिंकायचं होतं त्याच्याच पुढे. काकांनी बाटलीचं झाकण फिरवलं.

तिने त्यांच्या हातून बाटली घेतली.

"बाबांच्या कॅप्सुलीत पिठी होती, काका. तांदळाची. पहिला महिना सोडला तर सगळ्या मीच भरल्या."

काकांनी ग्लास खाली ठेवला.

"मग त्या एकोणीस?"

"त्यांच्या."

"त्याला माहीत होतं?"

"नाही."

"सांगायचं होतंस, पोरी. सहावं पान सुटलं तेव्हापासून त्याला वाटत होतं, आपण संपलो. मला म्हणायचा, औषधावर चाललंय सगळं."

ती बाटली हातात घेऊन उभी राहिली. ती बोलली ते काकांसाठी नव्हतं.

"औषध काही नव्हतं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "तुमचंच डोकं होतं ते. मला रोज दिसत होतं, आणि मी एकदाही म्हटलं नाही."