एकविसावा दिवस

कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात, हे मला माझ्या नावाइतकं पाठ. गावात कुणाचीही कोंबडी खुडूक बसली की मला, साळूबाईला, बोलावणं यायचं. त्या शहाणपणानंच माझा घात केला.

माझा लेक नाथाजी पलटणीत. ब्रह्मदेशाच्या लढाईवर जाण्याआधी रजेवर आला, तेव्हा माझ्या सुनेचं, अंजनाचं, बाळ जाऊन दोन महिने झाले होते. पोरगी बोलेनाशी झाली होती. त्यानं मिरजेहून भुशात घालून बदकाची चार अंडी आणली. मी ती खुडूक कोंबडीखाली ठेवली. अंजना रोज तिथं बसू लागली. एकदा तर कोंबडीशी बोलताना मी तिला ऐकलं. पिल्लं निघाली की पोरगी सावरेल, असं मला वाटू लागलं.

एकविसावा दिवस उलटला, तरी अंड्यांना साधी चीर नाही. कोमट पाण्यात सोडली तर ती डुलली. म्हणजे आत जीव होता.

"कवच जाड हाय. आतनं फुटंना त्यास्नी," मी म्हणाले.

"थांबूया की, आत्या."

"गुदमरून मरतील. मला शिकवू नगंस."

पहिलं फोडलं. रक्त आलं. पिल्लू हललं, पण बलक पोटाबाहेर तसाच. हेच तेवढं अशक्त असेल म्हणून दुसरं फोडलं, मग तिसरं. तिन्ही माझ्या हातात मेली. चौथं अंजनानं ओढून घेतलं.

दोन दिवसांनी नाथाजीचं पत्र आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं, 'बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात, सांगायचं राहिलं. घाई करू नका.' मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

अठ्ठाविसाव्या दिवशी चौथ्या अंड्याला भोक पडलं. पिल्लू आतून ओरडत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी भोक तेवढंच होतं आणि आवाज बसत चालला होता.

"आत्या, तुमी सोडवा की. तुमाला येतंय."

दुधानं तोंड पोळलेली मी. हात पुढं होईना.

"नगं. निघंल आपलं आपण."

तिन्हीसांजेला आवाज थांबला. अंजनानं कवच सोललं. पिल्लाची वाढ पुरी झाली होती. आतला पापुद्रा तेवढा वाळून अंगाला चिकटला होता. ओल्या बोटानं सुटला असता.

तिनं ते माझ्या ओंजळीत ठेवलं.

"मी इचारलं व्हतं तुमाला," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.